ब्लोअरचा शाफ्ट दुसऱ्यांदा त्याच जागी तुटला, ईएन-२४ घालू का?

रबाळे_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत आमचं पिकलिंग-गॅल्व्हनायझिंगचं (लोखंड अ‍ॅसिडने धुऊन त्यावर जस्त चढवायचं) युनिट आहे, तिथे मी मेंटेनन्स बघतो. अ‍ॅसिडच्या टाक्यांवरची वाफ ओढून स्क्रबरकडे (वाफ धुऊन साफ करणाऱ्या यंत्राकडे) ढकलणारा एक ब्लोअर आहे. ४० एचपी मोटर, १४४० आरपीएम, दोन्हीकडे सारखीच पुली, चार व्ही-बेल्ट. दोन प्लमर ब्लॉक (बेअरिंगची घरं), त्यांच्या एका बाजूला इंपेलर, दुसऱ्या बाजूला पुली, दोन्ही बाहेर लटकलेले. शाफ्ट बेअरिंगखाली ५० मिमी, पुलीखाली ४०. चोवीस तास चालतो. तो बंद म्हणजे लाईन बंद, कारण शेडमध्ये उभं राहवत नाही.

मशीनबरोबर आलेला शाफ्ट वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालला. मग बेअरिंग जाम होऊन त्याची सीट खाल्ली गेली, म्हणून बाहेरच्या वर्कशॉपमधून ईएन-८ चा (मध्यम कार्बनचं साधं पोलाद) नवा करून घेतला. तो पावसाळ्याच्या तोंडावर बसवला, गणपतीत तुटला. त्याच वर्कशॉपने घाईघाईत दुसरा दिला, त्याने दिवाळीसुद्धा पाहिली नाही. दोन्ही वेळा जागा तीच, ५० वरून ४० ला उतरतो ती स्टेप.

आता तीन तोंडं तीन दिशांना. वर्कशॉपवाला म्हणतो, तुमचा लोड जास्त. आमचे पर्चेसवाले म्हणतात, मटेरियल बोगस, तुटलेल्या भागात हे एवढाले दाणे दिसतायत. मालक म्हणतात, ईएन-२४ (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद) घाला आणि मोकळे व्हा.

ईएन-२४ घातला तर विषय संपेल का? आणि लॅबमध्ये द्यायचं तर नेमकं काय करून घ्यायचं? दुसऱ्या शाफ्टचे दोन्ही तुकडे माझ्या टेबलाखाली आहेत. पहिल्याचा पुलीकडचा तुकडा भंगारात पडलाय, पावसात भिजून लाल झालाय.

लेथवाला_वागळे

साहेब, ईएन-२४ टी कंडिशनचा (आधीच उष्णोपचार केलेला) बार घ्या, टर्न करा, बसवा. ईएन-८ पेक्षा ताकद कितीतरी जास्त. पैसे जातील, पण रात्री झोप लागेल.

आणि टर्नरच्या नावाने बोटं मोडण्याआधी एक सांगतो. ड्रॉइंगवर स्टेपला रेडियस लिहिलेलाच नसतो. बऱ्याचदा ड्रॉइंगच नसतं, जुना शाफ्ट आणून टाकतात आणि म्हणतात असाच कर. वर गिऱ्हाईक बजावतं, पुलीचा हब स्टेपला टेकला पाहिजे, कोपरा चोख काढ. टर्नर टोकदार टूल लावतो आणि कोपरा चोख काढतो. वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही गाळ्यात जा, हेच ऐकाल.

धातुकाका_ठाणे

लेथवाले, तुमचा दुसरा परिच्छेद सोन्यासारखा आहे. पहिला रबाळेकरांनी वाचलाच नाही असं समजू या.

मी नोकरीची सगळी वर्षं तुटलेले तुकडे बघण्यात घालवली, आता कोपरीत घरी असतो. तुम्ही विचारलंत कुठलं पोलाद घालू. मी विचारतो, तुटला कशाने? हे कळायच्या आधी ग्रेड बदलणं म्हणजे पैसे खर्च करून पुरावा बुजवणं.

आधी भंगारातला तो तुकडा उचलून आणा, आजच. भंगारवाला तुमच्यासाठी थांबणार नाही. दुसऱ्या शाफ्टचे दोन तुकडे जुळतात का हे बघायला एकमेकांवर टेकवू नका. हा मोह प्रत्येकाला होतो. टेकवले की नेमकी सुरुवातीची कड चेपते, आणि आपल्याला तीच हवी असते. वायर ब्रश नको, एमरी नको. केसांच्या ड्रायरने कोरडे करा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून प्लास्टिकमध्ये बांधा आणि शेडमधून ऑफिसात हलवा. तुमच्या त्या हवेत उघडं पोलाद एका रात्रीत रंग बदलतं. गंजलेल्या तुकड्याला साबणाचं पाणी आणि मऊ नायलॉन ब्रश, निघेल तेवढंच काढायचं आणि लगेच सुकवायचं.

मग मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरून बघा. समोरून उजेड मारला तर काही दिसत नाही. दोन प्रकारचा भाग दिसेल. एक गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वाकड्या रेघा. भेग हळूहळू आत सरकत गेली, मधेच ब्लोअर बंद झाला किंवा लोड बदलला की एक रेघ उमटली. तुमचा ब्लोअर सतत एकसारखा चालतो, तेव्हा रेघा पुसट असतील, त्याने गोंधळू नका. दुसरा भाग खरबरीत, दाणेदार. भेगेने खाऊन उरलेला हा शेवटचा तुकडा, तो एका क्षणात तुटला.

पर्चेसवाल्यांचे दाणे ते हेच. 'लोखंड हादरून हादरून दाणेदार झालं' ही समजूत रेल्वेइतकी जुनी आहे. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला, आग लागली, पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हाही जाणकार म्हणत होते की चालता चालता लोखंडाचे स्फटिक होतात. विल्यम रँकिन नावाचा विशीतला इंजिनियर मात्र तुटलेले अ‍ॅक्सल बघून १८४३ मध्ये लिहून गेला की लोखंडाचं काही बदलत नाही, भेग खांद्याच्या, म्हणजे स्टेपच्या, कोपऱ्यात सुरू होते आणि आत आत जाते, म्हणून तो कोपरा गोल ठेवा. रबाळेकर, तुमचा शाफ्ट त्याच जागी तुटलाय. दाण्यांवरून मटेरियलला नावं ठेवता येत नाहीत.

आता वर्कशॉपवाल्याचा 'लोड जास्त'. ३० किलोवॅट, १४४० आरपीएम म्हणजे २०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क. ४० मिमीच्या शाफ्टमध्ये त्याने पिळाचा ताण येतो साधारण १६ मेगापास्कल. सुरू करताना तिप्पट धरा, तरी ईएन-८ ला जांभईसुद्धा येणार नाही. शिवाय एकदम जास्त लोड येऊन तुटला असता तर आधी पिळला किंवा वाकला असता, की-वे (पुली अडकवायची खाच) तिरका झाला असता. की-वेला सरळ पट्टी लावून बघा. आणि दाणेदार भाग किती मोठा आहे तो मोजा. लहान असेल तर सरळ हिशेब आहे, तेवढ्याशा उरलेल्या पोलादावर तुमचा ब्लोअर शेवटपर्यंत चालत होता. मग लोड जास्त कसा?

पिळ नाही, तर मग काय? वाकवणं. बेल्ट पुलीला एकाच दिशेला ओढतो आणि शाफ्ट फिरतो, त्यामुळे परिघावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. चोवीस तासांत २० लाख ७३ हजार वेळा. पोलादाबद्दल आपण ढोबळ मानाने धरतो की १ कोटी फेरे निभावले तर पुढेही निभावेल. तुमचा पहिला शाफ्ट तो टप्पा पहिल्याच आठवड्यात ओलांडून गेला आणि तरी काही महिन्यांनी तुटला. याचे दोन अर्थ मला दिसतात. एक, अ‍ॅसिडच्या वाफेत गंजाचे खड्डे पडत असतील तर तो १ कोटीचा नियम लागूच राहत नाही. दोन, मधेच कुणीतरी ओढ वाढवली. त्या काळात बेल्ट कधी बदलले, किती बदलले आणि कुणी ताणले, रजिस्टर बघून सांगा.

ईएन-२४ चं म्हणाल तर त्याची ताकद जास्त, पण ताठपणा तोच. असल्या सगळ्या पोलादांचा लवचीकतेचा गुणांक २०० ते २१० गिगापास्कलच्या दरम्यान असतो, ग्रेड बदलून शाफ्ट कमी वाकत नाही. आणि पोलाद जितकं ताकदवान तितकं ते खाचेला जास्त घाबरतं. चोख कोपरा तसाच ठेवून ईएन-२४ घातला तर कदाचित जास्त दिवस चालेल, कदाचित नाही. तुटायचा तिथेच तुटेल, आणि तेव्हा मात्र तुमच्याकडे महागडा तुकडा असेल.

आता खरं काम. दोन्ही शाफ्टच्या कडेवर, गुळगुळीत भागात, परिघापासून आत जाणाऱ्या बारीक पायऱ्या शोधा. शेजारशेजारच्या दोन भेगा थोड्या वेगळ्या पातळीवर सुरू होऊन एकमेकींना मिळतात तिथे अशी पायरी उरते. चारी बाजूंनी पायऱ्या असतील तर सगळा कोपराच गुन्हेगार. एकच सुरुवात असेल तर त्या एका जागी काहीतरी वेगळं आहे. दोन्ही तुकडे वेगवेगळे वाचा. जागा एक म्हणून कारणही एकच, असं धरून चालू नका.

आणि एक प्रश्न. दुसरा शाफ्ट खरंच नव्या बारमधून केला होता, की कुठे वेल्डिंग भरलं होतं?

ऐरोली_क्यूए

काका, मला एक वेगळीच शंका येतेय. पिकलिंगचं शेड म्हणजे अ‍ॅसिड आणि अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोजन. हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट (हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होणं) नसेल का? आमच्याकडे झिंक प्लेटिंग केलेले १२.९ ग्रेडचे (खूप कडक) अ‍ॅलन बोल्ट संध्याकाळी घट्ट केले आणि सकाळी येऊन बघतो तर डोकी जमिनीवर. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) दाण्यांच्या सीमांवरून फुटलेलं स्पष्ट दिसलं. प्लेटरने बेकिंगच (हायड्रोजन घालवायला भट्टीत तापवणं) केलं नव्हतं. यांनीही एसईएम करून घ्यावं का?

धातुकाका_ठाणे

ताई, तुमचे बोल्ट ३९ ते ४४ एचआरसीचे (रॉकवेल सी स्केलवरचा कडकपणा). ईएन-८ नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेलं) असेल तर २०० ब्रिनेलच्या (कडकपणाचं दुसरं माप) आसपास, त्याला रॉकवेल सी स्केलवर धड आकडाही येत नाही. हायड्रोजनला कडक पोलाद लागतं, मऊ पोलादात तो असा दगा देत नाही. म्हणूनच १२.९ ला प्लेटिंग केलं की काही तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास बेकिंग करावं लागतं आणि ८.८ ला सहसा लागत नाही. शिवाय त्याची रीत वेगळी. ताण देऊन ठेवला की काही तासांत, फार तर काही दिवसांत, गप्पकन तुटतं. महिनोन्‌महिने फिरत फिरत भेग वाढणं हे त्याचं काम नाही.

पण शंका वाया जाणार नाही. पोलादात हायड्रोजन शिरायचा आणखी एक रस्ता आहे, ओलसर रॉडने मारलेलं वेल्डिंग. ईएन-८ मध्ये ०.४ टक्के कार्बन. प्रीहीट न करता त्यावर वेल्ड टाकलं की बाजूचा पट्टा झटकन थंड होऊन काचेसारखा कडक होतो. तिथे तुमचा हायड्रोजन कामाला लागतो. म्हणून तर वेल्डिंगचं विचारलं.

एसईएम एवढ्यात नको. भंगारातला तुकडा गंजलाय, त्यावर एसईएम गंजच दाखवेल. आधी डोळा, मग भिंग, मग लांबीच्या दिशेने काप घेऊन पॉलिश आणि नायटल एच (आतली रचना दिसावी म्हणून सौम्य अ‍ॅसिडमध्ये बुडवणं). एनएबीएल मान्यता असलेली लॅब बघा, ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत. पण लॅबला नुसतं सॅम्पल देऊ नका, प्रश्न द्या. 'केमिकल आणि हार्डनेस करा' असं लिहून दिलंत तर दोन पानांचा रिपोर्ट येईल, मटेरियल ईएन-८ प्रमाणे, हार्डनेस ओके, आणि तुम्ही होतात तिथेच. 'भेग जिथून सुरू झाली त्या जागेतून उभा काप घ्या, तिथलं मायक्रोस्ट्रक्चर (पोलादाची आतली रचना) आणि कडेपासून आतपर्यंतचा विकर्स हार्डनेस (कडकपणा) द्या' असं लिहा. गॅसने कापू नका म्हणावं, करवतीने कापा, वर पाण्याची धार सोडत.

रबाळे_मेंटेनन्स

काका, तुम्ही विचारलंत ते सगळं खोदून काढलं. थोडं लांबलं, कारण लॅबच्या रिपोर्टसाठी थांबलो होतो.

पहिला शाफ्ट. भंगारातून सोडवून आणला. साबणाने धुतल्यावर कडेला चारी बाजूंनी पायऱ्या निघाल्या, भिंगाखाली तर दाटीवाटीने. दाणेदार भाग मधे, जरा एका अंगाला, आडवा-उभा मोजला तर १५-१६ मिमी. की-वे अगदी सरळ. स्टेपच्या कोपऱ्यावर रेडियस गेज लावायला गेलो तर लावायला रेडियसच नाही. टूलची रेघ तेवढी दिसते.

रजिस्टर बघितलं. श्रावणात दोन बेल्ट बदललेत. चारपैकी दोनच, कारण स्टोअरमध्ये दोनच होते. नवे दोन आखूड, जुने दोन लांबलेले, मग जुने घसरू नयेत म्हणून पोरांनी मोटर मागे ओढून ओढून ताणली. नंतर चार महिन्यांचं काम महिनाभरात झालं म्हणायचं.

दुसऱ्याची मजा वेगळी. त्याच्यावर पायऱ्या जवळजवळ नाहीतच. भेग एका बाजूने सुरू होऊन पार पलीकडे गेलीय, दाणेदार भाग समोरच्या कडेला चंद्रकोरीसारखा उरलाय. लॅबने सुरुवातीच्या जागेतून काप घेतला, मी समोर उभा होतो. पॉलिश केल्यावर आरसा, काही दिसत नव्हतं. नायटलमध्ये बुडवून काढला आणि बाहेरच्या कडेने एक वेगळ्या छटेचा पट्टा वर आला, त्याच्याखाली काळपट रेघ. लॅबवाला हसला, म्हणाला हे वेल्ड. काळपट पट्ट्यात हार्डनेस ४८० विकर्स, आत गाभ्यात २०५. त्या पट्ट्यात वेल्डिंगच्या वेळचीच एक बारीक भेग, आणि शाफ्ट तिथूनच गेला.

वर्कशॉपला फोन केला. आधी नाही म्हणाले. मग चलन काढून वाचून दाखवलं, त्यावर 'शाफ्ट रिपेअरिंग' लिहिलं होतं, आम्ही कुणी वाचलंच नव्हतं. घाईच्या वेळी त्यांच्याकडे बार नव्हता. आमचा मूळ शाफ्ट त्यांच्याकडेच पडला होता. त्याची खाल्लेली सीट वेल्डने भरली, टर्न केली आणि दिली. वेल्डची कड नेमकी स्टेपवर आली.

मालकांना दोन्ही काप दाखवले. ईएन-२४ चा विषय त्यांनी स्वतःच सोडला. आता नवा करायचाय तो कसा करू तेवढं सांगा.

धातुकाका_ठाणे

शाब्बास. जागा एक, कारणं दोन. नुसता 'फटीग फेल्युअर' (वारंवारच्या ताणाने तुटणं) असा रिपोर्ट आला असता तर दोन्ही एकाच टोपलीत गेले असते.

नवा शाफ्ट ईएन-८ नॉर्मलाइज्ड बारमधूनच. वेल्ड कुठेही नाही, आत्ता नाही आणि पुढे सीट खराब झाली तरी नाही. स्टेपला ३ मिमी रेडियस. तुमच्या ५०-४० च्या स्टेपला अर्ध्या मिमीचा कोपरा ठेवलात तर तिथे वाकण्याचा ताण अडीच पट होतो, ३ मिमी दिलात तर पावणेदोन पट. चोख कोपऱ्याला तीन पट आणि वर. रेडियसवर टूलच्या रेघा नकोत, पॉलिश करून घ्या.

मग पुलीचा हब स्टेपला टेकणार नाही म्हणून परत ओरड होईल. हबच्या बोअरला आतून ३.५ मिमी चॅम्फर (तिरकी कापलेली कड) मारा. टेकायला दीड मिमीची कड उरते, व्ही-बेल्टच्या पुलीला तेवढी पुष्कळ. की-वे रेडियसपर्यंत नेऊ नका, अलीकडेच थांबवा, नाहीतर दोन खाचा एकत्र येतील. बसवल्यावर उघड्या राहणाऱ्या भागाला इपॉक्सी पेंट, म्हणजे वाफ थेट पोलादाला लागणार नाही.

बेल्ट चारही एकाच सेटचे, एकाच वेळी. पुल्या दोरी लावून एका रेषेत आणा. बेल्टचा ताण बघताना दर १०० मिमी स्पॅनला साधारण १.६ मिमी दबला पाहिजे, म्हणजे ९०० मिमी स्पॅन असेल तर १४ मिमीच्या आसपास. किती जोराने दाबायचं तो आकडा बेल्ट कंपनीच्या तक्त्यात असतो. अंगठ्याच्या अंदाजावर सोडू नका, आमच्या काळातले अंगठे आता मिळत नाहीत. नवे बेल्ट एक-दोन दिवस चालले की थोडे बसतात, तेव्हा पुन्हा एकदा तपासा.

लेथवाला_वागळे

काका, पहिला परिच्छेद मागे घेतो. पण हे ३ मिमी रेडियस आणि हबचा चॅम्फर ड्रॉइंगवर काढून द्या हो. तोंडी सांगितलेलं गाळ्याच्या दारापर्यंतच टिकतं. ड्रॉइंग असेल तर गेज लावून दाखवू, मगच बिल.

रबाळे_मेंटेनन्स

ड्रॉइंग मीच काढतो आणि इथे टाकतो, सगळ्यांनी एकदा नजर टाका. काका, एक राहिलं. दुसऱ्या लाईनवर असाच ब्लोअर आहे. त्याची चलनं काढली तर त्यावरही 'शाफ्ट रिपेअरिंग'. चालू आहे, आवाज नाही, बेअरिंग गरम नाही.

धातुकाका_ठाणे

भेग अर्धी आत गेली तरी आवाज येईलच असं नाही. पुढच्या बंदच्या दिवशी पुली उतरवा, स्टेप सॉल्व्हंटने स्वच्छ करा आणि डीपी टेस्ट (रंगीत डायने बारीक भेगा दाखवणारी चाचणी) करून घ्या. लाल डाय लावून वीस मिनिटं थांबायचं, फडक्याने पुसायचं, फडक्यावर क्लीनर घ्यायचा पण शाफ्टवर सरळ फवारायचा नाही, मग पांढरा डेव्हलपर. वेल्डच्या कडेला लाल रेघ उमटली तर पुली परत चढवू नका. रेघ नाही उमटली तरी तो शाफ्ट बदलायच्या यादीत वर ठेवा आणि बार आत्ताच मागवून ठेवा, म्हणजे पुन्हा कुणाला घाईत वेल्डिंग सुचणार नाही.